फाट्यावरचा ओला दगड

१

आमच्याकडे अंडं घड्याळावर उकडत नाही. सकाळी रेडिओवर मृत्युवार्ता सुरू झाल्या की मी ते पाण्यात सोडतो आणि शेवटचं नाव वाचून झालं की बाहेर काढतो. जास्त माणसं गेली असली की अंडं घट्ट होतं. माझी बायको हॅना तेही खाते. म्हणते, "आज बलक कोरडा आहे, फ्लरी. लोकांना थंडी बाधलेली दिसते."

वसंतात तिला कॉर्क शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. तेव्हापासून ती अंगणाच्या भिंतीपलीकडे गेलेली नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला होता, की हृदय फार थकलंय, कसला धक्का बसू देऊ नका. मी बरं म्हणालो. मी तिच्या पाठीला उशी लावतो, चूल पेटती ठेवतो, आणि ती दिवसभर मला बोलत असते. ती बोलत असली की मला बरं वाटतं.

अंडं झालं की मी डोंगरावर जातो. आमची जमीन समुद्रात लांब घुसलेली, मधून डोंगराचा कणा. आम्ही दक्षिणेच्या अंगाला, दफनभूमी उत्तरेच्या अंगाला, तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर. पूर्वी इकडची प्रेतं खांद्यावरून, खिंडीतून तिकडे नेत. वाटेत जिथे शवपेटी टेकवून खांदे बदलायचे, तिथे प्रत्येकाने एक दगड ठेवायचा. त्या राशी अजून आहेत. आता काळी गाडी सडकेने टोकाला वळसा घालून जाते, आणि खिंडीची वाट सुट्टीत पायी हिंडणाऱ्यांसाठी उरली आहे. ती राखायचं काम माझ्याकडे. काटेरी झुडपं छाटायची, कुंपणाच्या पायऱ्या नीट करायच्या, वाट दाखवणाऱ्या लाकडी खुंटांवरचं चालत्या माणसाचं पिवळं चित्र पुन्हा रंगवायचं.

त्या दिवशी ऑक्टोबर सरत आला होता. हिंडणारे कधीच परतले होते. खिंडीच्या खाली धुकं होतं, अंगाला चिकटणारं. मी वर चढत होतो आणि समोरून खाली येणारे पाय ऐकू आले. एका तालात, जड, सावकाश. माणसं काही उचलून आणत असली की चालतात तसे. मग चौघे जण दिसले, गडद कोट घातलेले, आणि त्यांच्या खांद्यावर पेटी.

प्रेतयात्रा समोरून आली तर आमच्यात कोणी नुसतं बाजूला उभं राहत नाही. टोपी काढायची, वळायचं, आणि चार पावलं तिच्याबरोबर चालायचं. कितीही घाई असो. त्यासाठी विचार करावा लागत नाही, पाय आपले आपण वळतात. मी वळलो. मागच्या डाव्या कोपऱ्यावरचा माणूस न बोलता बाजूला झाला, तेव्हा मी त्याच्या जागी खांदा दिला. तेही रीतीचंच.

पेटी हलकी होती. मला वाटलं, कोणी फार म्हातारी बाई असेल, आजारात झिजलेली. कडेला लाकडात एक गाठ होती, ती हाडावर रुतत होती. वरच्या राशीपाशी त्यांनी पेटी टेकवली. सगळ्यांनी दगड ठेवले, मीही एक ठेवला. कोणी बोललं नाही. पेटीखाली बोलत नाहीत. मी टोपी घातली आणि माझ्या खुंटाकडे गेलो.

२

"कोण गेलं उत्तरेकडे?" मी दुपारी विचारलं.

"कोणी नाही."

"असं कसं? मी आत्ताच खांदा देऊन आलो."

हॅनाने विणकाम मांडीवर ठेवलं. "फ्लरी, मी चर्च चुकवलं असेल, पण मृत्युवार्ता कधी चुकवलेल्या नाहीत. आज आपल्या बाजूचं एकही नाव नव्हतं. बलक पाणी होता, तूच बघितलास."

"एखादं अमेरिकेतून परतलेलं कुटुंब असेल. त्यांना जुन्या वाटेने न्यायची हौस असते."

"रेडिओवर सांगितल्याशिवाय? मग जेवायला कोण येणार?" ती हसली. मग म्हणाली, "आणि जात कुठे होते ते?"

"दफनभूमीत. दुसरं कुठे?"

"तू वर चढत होतास ना?"

"हो."

"आणि ते समोरून आले."

मी ताकातला पाव कापत होतो. सुरी तिथेच राहिली. खिंडीच्या पलीकडे दफनभूमी. ते तिकडून आले होते. मी त्यांच्याबरोबर वळून चाललो तो खाली, घरांकडे.

"काहीतरी विसरलं असेल त्यांचं," हॅना म्हणाली. "लोणी लाव, सुकतोय पाव."

मीही हसलो. पण नंतर भांडी घासताना मला तो हलकेपणा आठवत राहिला. म्हातारं माणूस कितीही झिजलं तरी त्याचं वजन पेटीत एका बाजूला सरकतं. त्या पेटीत काहीच सरकत नव्हतं.

रात्री डावा खांदा ठणकायला लागला. हॅनाने मलम चोळलं आणि म्हणाली, कोयता उजव्या हाताने चालवतोस आणि दुखतो डावा, तुझं सगळंच उलटं.

३

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. वरच्या राशीवर माझा दगड सापडला. डोंगराचा, तपकिरी, धारदार. त्याच्या आजूबाजूचे दगड मात्र गोल होते, करडे, हाताच्या मुठीएवढे. तसे गोटे आमच्या बाजूला नाहीत. ते दफनभूमीखालच्या किनाऱ्यावर असतात. आणि ते ओले होते. मी एक उचलला. हातातून पाणी मनगटाकडे ओघळलं. वाऱ्याने सगळा डोंगर वाळला होता.

मी स्वतःला समजावलं. पोरांचा खेळ असेल. पण शाळेची पोरं इतक्या लांब येत नाहीत, आणि आली तर गप्प राहत नाहीत.

पुढच्या सकाळी कुंपणाच्या पायरीजवळच्या राशीवर तसेच गोटे होते. ती रास मी कित्येक वर्षं बघितली नव्हती, नेच्यांत गडप झाली होती. आता नेचे दोन्ही बाजूंना दबलेले होते, पेटीच्या रुंदीएवढे.

एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंत, रोज थोडं थोडं, कोणीतरी खाली येत होतं.

खाली घरं दोनच. आमचं आणि मॉर्टीचं. त्याच्या आणि आमच्या वाटा जिथे फुटतात तिथे दगडी खांब आहेत, एक त्याच्या बाजूला, एक आमच्या. घरात कोणी गेलं की त्या बाजूच्या खांबावर दगड ठेवायचा, म्हणजे लांबून प्रेताजवळ रात्र जागवायला येणाऱ्यांना विचारत बसावं लागत नाही.

मॉर्टी लग्न न केलेला, माझ्याहून थोडा मोठा. तरुणपणी हॅनाबरोबर तो माझ्यापेक्षा जास्त नाचला होता आणि ते तो मला विसरू देत नसे. त्या सकाळी तो भिंतीवर टेकून पाइप पेटवत होता.

"काय रे म्हाताऱ्या, चेहरा का असा? हॅनाने घराबाहेर काढलं का?"

"काढलं तर तुझ्याकडेच येईन झोपायला."

"माझ्याकडे कोंबड्या झोपतात. त्यांना वास सहन होणार नाही." त्याने धूर सोडला, डोंगराकडे बघितलं आणि सहज म्हणाला, "कुठवर आले?"

"कोण?"

"मेंढ्या. अजून कोण?"

मॉर्टीने मेंढ्या विकून दोन हिवाळे झाले होते. माझ्याही डोंगरावर नव्हत्या.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो.

४

गोटे फाट्यापाशी आले, तेव्हा तिथे रास नव्हती. फक्त एक गोटा होता. आमच्या खांबावर.

मी तो बघितला आणि आधी घराकडे पळालो. या वयात पळालो. हॅना खुर्चीत झोपली होती, तोंड किंचित उघडं. मी तिच्या ओठांजवळ हाताची पाठ धरली. श्वास लागला, उबदार. मी तसाच उभा राहिलो. तिने डोळे न उघडता म्हटलं, "हाताला कांद्याचा वास येतोय. बाजूला हो."

मी परत फाट्यावर गेलो. गोटा उचलला. तो खिशात टाकून समुद्रात फेकायचा असं ठरवून गेलो होतो. पण खिशाजवळ नेला आणि थांबलो. मॉर्टीचा खांब एका हातावर होता. त्याला कोणी नाही, कोंबड्यांशिवाय. त्याच्यासाठी कोणाला रडावं लागणार नाही. हे मी विचार करून म्हटलं असं नाही, ते आपोआप डोक्यात आलं. मी गोटा त्याच्या खांबावर ठेवला, हात कोटाला पुसला आणि घरी आलो. चहा केला.

दुसऱ्या सकाळी आमच्या खांबावर पुन्हा गोटा होता. ओला.

तेव्हा माझी खात्री झाली. मॉर्टी. त्याला खांबावर गोटा दिसला असणार आणि त्याने तो परत आमच्याकडे सरकवला असणार. किंवा पहिल्यापासून सगळं त्याचंच. पोतं घेऊन तो उत्तरेला जात असेल, गोटे आणत असेल. कशासाठी? म्हातारपणी माणसं कशानेही आंबतात. साठ वर्षांपूर्वीचं नाचणंही आंबू शकतं. तो गोटा मी समुद्रात फेकला आणि मागच्या खिडकीशी बसायला लागलो. तिथून फाटा दिसतो.

संध्याकाळ होत आली असताना तो दिसला. वाटेने आला, आजूबाजूला बघितलं आणि हात लांबवला. त्याच्या नाही, आमच्या खांबाकडे.

मी जाईपर्यंत तो परत वळला होता. उजवा हात कोटाच्या खिशात.

"काय करत होतास?"

"तुझा खांब हलतोय, फ्लरी. बघत होतो."

"माझा खांब माझा बाप बांधून गेलाय. तो हलत नाही."

"मग मीच हलत असेन."

"खिशात काय आहे?"

"पाइप."

"दाखव."

इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी बोललो नव्हतो. त्याने दाखवला नाही. त्याच्या कोटाचा खिसा खालून ओला झालेला होता, एक काळा डाग, पसरत चाललेला. आम्ही दोघांनीही तो बघितला.

"हॅना कशी आहे?" त्याने विचारलं.

"तिचं नाव घेऊ नकोस."

मॉर्टीने मान हलवली, जणू मी हवापाण्याबद्दल काही बोललो होतो. "तिला सांग, अंडी पाठवतो," तो म्हणाला आणि आपल्या वाटेने खाली गेला.

त्यानंतर रोज सकाळी आमच्या खांबावर गोटा असायचा. मी बघायचो आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवायचो, कारण हात लावला की काय करतो ते मला कळलं होतं. संध्याकाळी तो नसायचा. मला वाटायचं, मॉर्टी नेतो आणि पहाटे पुन्हा आणून ठेवतो, मला छळायला. खांदा तर आता उघड्या जखमेसारखा झाला होता. चोळताना हॅनाच्या बोटांना खोलगट वण लागला. "इथे काय रुतलंय तुला?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

५

मग धुकं आलं. भर दुपारी दिवा लावावा लागला. हॅना रेडिओवर गाणी ऐकत होती. मी दाराजवळ बसलो होतो, कान बाहेर.

पाय ऐकू आले. एका तालात, जड, सावकाश.

मी टोपी घातली, घट्ट खाली ओढली. माझं ठरलं होतं. या वेळी टोपी काढायची नाही, वळायचं नाही. जन्मभर पाळलेली रीत मोडायची आणि वाटेत उभं राहायचं. मी दार ओढून घेत असताना हॅना म्हणाली, "लाकडं आण येताना."

फाट्यावर पोचलो तेव्हा ते तिथे येऊन थांबले होते. पेटी खांद्यावरच होती. चेहरे तिच्या आड. कोटांतून पाणी गळत होतं. या वेळी ते तिघेच होते. मागचा डावा कोपरा रिकामा होता, त्याखाली कोणी नव्हतं. तरी पेटी सरळ होती, जराही झुकलेली नव्हती. आणि माझ्या खांद्यात कळ उठली. तेव्हा कळलं. तो कोपरा मी खाली ठेवलाच नव्हता.

आमच्या खांबावर गोटा होता. ते आमच्या वाटेकडे वळायला लागले. मी हात पसरले, मेंढ्या अडवताना पसरतात तसे. पेटी माझ्या अंगावर येत होती.

"अरे, असं कोणी उभं राहतं का प्रेताच्या वाटेत?"

मॉर्टी त्याच्या खांबाजवळ होता. अंगात चांगला कोट, चर्चला जायचा. त्याने पुढे होऊन आमच्या खांबावरचा गोटा उचलला, खिशात टाकला, रोज टाकत असावा तसा. मग टोपी काढली. सावकाश वळला. तोंड स्वतःच्या घराकडे करून तो पेटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला.

"मॉर्टी," मी म्हटलं. की म्हटलं नाही? मी म्हटलं असं मला आठवतं.

"घरात जा, फ्लरी. ती लाकडांची वाट बघत असेल."

त्याने खांदा दिला. माझ्या खांद्यातली कळ त्याच क्षणी गेली, दिवा फुंकल्यासारखी. पेटी वळली. चौघांचे पाय एका तालात त्याच्या वाटेने उतरले, आणि धुक्यात आधी पाय दिसेनासे झाले, मग कोट, शेवटी मॉर्टीचं पांढरं डोकं.

मी पुढे पळू शकलो असतो. त्याचा कोट धरून ओढू शकलो असतो. मी लाकडं घेऊन घरी गेलो.

६

मॉर्टी त्याच्या खुर्चीत सापडला. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही. त्याला धुवायला आणि कपडे घालायला मीच गेलो, दुसरं कोण होतं? त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर गोटे मांडून ठेवले होते, गोल, करडे, एकाला एक लागून. मी समुद्रात फेकलेला सोडून आमच्या खांबावरचे सगळे. खालच्या भिंतीवर पाण्याच्या रेघा उतरल्या होत्या. त्या गोट्यांतला एक मी स्वतः त्याच्या खांबावर ठेवला होता. कोणता, ते ओळखू आलं नाही.

हॅनाला मी सगळं सांगितलं. धक्का बसू द्यायचा नव्हता, पण सांगितलं. "त्याला गाडीतून नाही न्यायचं," ती म्हणाली. "खांद्यावरून न्या. खिंडीतून." मग म्हणाली, "नाचताना नेहमी मला भिंतीच्या बाजूला ठेवायचा, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. तुझ्या लक्षात आलं नसेल."

पलीकडच्या गावातली माणसं आली. पेटी बॅन्ट्री गावाहून आणलेली, नवीन. मी मागचा डावा कोपरा मागून घेतला. उचलली आणि पहिल्या पावलालाच खांद्याने ती ओळखली. कडेची गाठ माझ्या वणात बसली, चावी कुलपात बसावी तशी, अगदी नेमकी. फरक एवढाच, की आता ती जड होती, आणि आम्ही वर चाललो होतो.

त्या सकाळी रेडिओवर मॉर्टीचं नाव वाचलं तेव्हा हॅनाने आवाज कमी केला होता. अंडं पाण्यातच राहिलं, दगडासारखं झालं. तरी तिने ते खाल्लं.

आता मी मृत्युवार्तांच्या आधी उठतो. हॅना झोपलेली असते. फाट्यावर जातो आणि आमच्या खांबाच्या माथ्यावर तळहात ठेवतो. दंव आणि ते पाणी यातला फरक माझ्या हाताला कळतो. मग परत येतो, चूल पेटवतो, तिला हाक मारतो. अजून ती रोज ओ देते, आणि ओ देता देता काहीतरी बोलते.

मॉर्टीच्या घराला कुलूप आहे. कोंबड्या मी आणल्या. त्याचा खांब मागच्या वादळात पडला आणि कोणी उभा केला नाही. फाट्यावर आता एकच खांब आहे.